चाकाशिवाय

परळला, हाफकिनच्या मागच्या गल्लीत माझ्या दोन खोल्या.
एक माझी, एक पेशंटच्या नातेवाइकांना,
दिवसाला सहाशे, गॅस वेगळा.
हवावू आली तेव्हा फाल्गुन सरत होता.
थोरली बहीण रमातू वॉर्डात, गळ्याला नळी.
गाव विचारलं. बिदा, म्हणाली. नायजेरिया.
म्हटलं, आमच्यात बिदागी असते,
निघताना हातावर ठेवतात ती.
तिला काय कळणार. पण हसली.

तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या माठाला टिचकी मारली,
कान लावला,
आणि तोंड असं केलं
जसं मंडईत किडकं वांगं बघून करतात.
कुणी केला हा?
पुरुषानं, मी सांगितलं. पुरुषच करतात.
यावर ती इतकी हसली
की समोरच्या घाडीगावकरांनी दार उघडलं.
मोबाइलवर अंगण दाखवलं मग,
आईचं, मावशीचं, गळ्याएवढे रांजण,
अंगावर सरड्याच्या पाठीसारखी नक्षी.
चाक?
चाक नाही.

मी रोह्याच्या कुंभाराची लेक.
माती तुडवली, राख चाळली, आवा रचला,
ओल्या मडक्याच्या पोटात दगडी गोंडा धरून
बाहेरून थापी मारली, हात सुजेस्तोवर.
चाकाला बोट लावलं एकदाच, सातव्या वर्षी.
बाबा काही बोलले नाहीत.
चाक धुतलं. तीनदा. माझ्यासमोर.
कुंभाराची सून कधीतरी उकिरड्यावर येईलच, म्हणतात.
लेकीचं काय होतं, ते म्हणीत नाही.

रविवारी दोघी धारावीला गेलो.
देवशीभाईंनी पिशवीत दहा किलो माती घातली,
विचारलं, शाळेचं प्रोजेक्ट?
हो म्हटलं.
राख इस्त्रीवाल्या रामसजीवनकडून.

गच्चीवर तिनं माझं मोठं पातेलं पालथं घातलं,
वर राख भुरभुरली, वर मातीची जाड भाकरी थापली.
ऊन लागल्यावर सोडवून उताणी केली,
काठावर वळकटी, वळकटीवर वळकटी,
आणि मग कमरेत वाकून
मडक्याभोवती उलटी चालू लागली.
मडकं जागच्या जागी.
तिची टाच, तिची टाच, तिची टाच,
धुळीत एक गोल उमटत गेलेला,
काठ हळूहळू पातळ, सारखा.
चाक कुठे आहे ते मला तेव्हा दिसलं.

घोटायला मणी हवेत, तिनं खुणेनं सांगितलं.
माझी काळी पोत मीच काढून आणली.
नऊ वर्षं डब्यात नुसती पडली होती.
मण्यांनी माती चमकायला लागली
तशी ती काहीतरी पुटपुटत राहिली. मी विचारलं नाही.

सोमवारी भाजायचं ठरलं होतं.
त्यांच्याकडे एका झाडाच्या शेंगा उकळून
तापल्या मडक्यावर तो काढा शिंपडतात.
ते झाड इथे कुठलं.
फुटपाथवरच्या रेनट्रीच्या शेंगा वेचून ठेवल्या, चालतील म्हणून.

शनिवारी रात्री अडीचला वॉर्डातून फोन.

पुढचे सहा दिवस सही, शिक्का, झेरॉक्स,
कॉन्सुलेट, पेटी, पेटीचं वजन.
विमानतळाच्या टॅक्सीत बसताना
तिनं काच खाली केली,
वर गच्चीकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

मडकं देवशीभाईंच्या भट्टीत गेलं, चिंध्यांच्या आगीत.
चिमट्यानं बाहेर निघालं तसा
मी काढा शिंपडला, चर्र झालं,
गुळासारखा वास, अंगावर काळे-तांबडे डाग.
देवशीभाईंची सून पदर तोंडाला लावून बघत होती.
कुणी केलं? म्हणाली.
बाईनं, मी म्हटलं.
ती पुढे झाली, तिनं टिचकी मारली.

काठाला एक केस गेलाय. रात्री भरते,
सकाळी पाटावर ओल असते.
माठ मी भाच्याला देऊन टाकला.

परवा पुन्हा पातेलं पालथं घातलं.
उलटं चालणं सोपं नाही.
दुसऱ्याच फेऱ्यात पाण्याच्या टाकीवर आदळले,
कोपर फुटलं,
आणि घाडीगावकर खालून ओरडले,
अहो, चाललंय काय तुमचं?